सालोमी आत्या नदीवर गेली तो शनिवार

माझ्या आत्यानं जन्मात एकच दिवस स्वतःसाठी काढला आणि त्यातला निम्मा चिखलात बसून घालवला. असं सांगितलं की लोक हसतात. मीही पुष्कळ वर्षं हसतच सांगायचे. आता सांगताना राग येतो, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नाही, कारण ह्या गोष्टीतल्या गुन्हेगारांत मीही आहे. मी तेव्हा आईच्या पोटात होते.

आत्याचं नाव सालोमी. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आमचं ख्रिस्ती कोळ्यांचं घर. आजोबा बेनेडिक्ट मी जन्मायच्या आठ वर्षं आधीच गेले. मागे आजी, दोन मुलगे जॉन आणि सॅन्टन, आणि मधली ही सालोमी. जॉन म्हणजे माझे वडील. आत्या सातवीची फायनल परीक्षा पास झालेली होती आणि गावच्या शाळेत दुसरीला शिकवायची. आमच्या आळीत लिहिता-वाचता येणारी बाई ती एकटी, म्हणून बोटीवर गेलेल्या नवऱ्यांची पत्रं वाचायला बायका तिच्याकडे यायच्या. शाळा सुटली की घरी आजीची औषधं, फाटलेली जाळी आणि माझ्या थोरल्या तीन भावांची आंघोळपांघोळ तिची वाट बघत असायची. तिला दोन स्थळं आली होती. एक मुलगा दारू पितो म्हणून भावांनी परत पाठवला. दुसरा अजिबात पीत नाही म्हणजे काहीतरी लपवत असणार, म्हणून तोही परत पाठवला. तिशी उलटल्यावर विचारायला येणारे थांबले.

तिला कोणी बांधून ठेवलं नव्हतं हे मला मुद्दाम सांगायचंय. आमच्या घरात कोणी तिच्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. गाईच्या गळ्यात दावं असतं, ते निदान डोळ्यांना दिसतं.

१९५२ साल. तानसा नदीच्या वरच्या अंगाला, वारल्यांच्या वस्तीत, उंबरपाडा नावाच्या पाड्यावर मिशनची नवी शाळा निघत होती. तिथं राहून शिकवेल अशी बाई हवी होती. आत्यानं घरात कोणाला न सांगता अर्ज केला. नदी तिच्या ओळखीची होती. ती लहान असताना आजोबा बांबू आणायला होडीतून वर जायचे तेव्हा तिला घेऊन जायचे. वर गेलं की खारं पाणी गोडं होतं, ह्यावर आठ वर्षांच्या त्या मुलीचा विश्वास बसेना. ती दर थोड्या वेळानं ओंजळ भरून चाखून बघायची आणि आजोबा हसायचे. ‘बाय, समुद्राला काय साखर लागली काय?’ असं विचारायचे. आजोबांच्या बोलण्यातलं तिनं मला सांगितलेलं एवढंच.

अर्जाचं उत्तर आलं ते माझ्या आईच्या हातात पडलं. माझी आई फिलोमिना, तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मिशनचा शिक्का ओळखता येत होता. पोटात नववा महिना, हाताखाली तीन कार्टी, नवरा समुद्रावर. नणंद गेली तर आपलं काय होणार हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. तिनं ते पत्र सांत अंतोनच्या तसबिरीमागे खोचलं. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत हा. आईनं जरा विचार करून दुसरा कोणी संत निवडायला हवा होता.

बारा दिवस पत्र तिथं राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या एका भावानं चेंडू मारला, तसबीर तिरकी झाली आणि पत्र खाली पडलं. आत्यानं ते उचललं, दिव्याजवळ नेऊन वाचलं. आई रडायला लागली. आत्यानं तसबीर सरळ केली. ओटीवर बसलेल्या आजीनं विचारलं, “काय लिवलाय?”

आत्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. शनिवार, दिनांक चोवीस, दुपारी चार वाजेपर्यंत उंबरपाड्यास समक्ष येऊन फादरांना होकार द्यावा. न आल्यास जागा दुसऱ्या बाईंस देण्यात येईल.

“शनवार म्हंजे उद्या,” आजी म्हणाली, आणि जपमाळ उचलून आत गेली. मे म्हणजे मारियामातेचा महिना, त्यामुळे रोझरी चुकवायची नव्हती.

रस्त्यानं जायचं तर आगाशी, विरार आणि मग मिळेल त्या लॉरीनं पुढे. म्हणजे वाटेत पन्नास जणांना सांगा, बाई एकटी कुठे चालली. त्यातला एखादा तरी भावाचा दोस्त निघून तिला परत घेऊन आला असता. भरती मात्र कोणाला काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी अवस होती. अवसेच्या उधाणाला डोल जाळी लावायला गावचे सगळे पुरुष समुद्रावर, त्यात आमचे दोघेही. आजोबांची जुनी लहान होडी वाळूत पडून होती. आमच्यात भरतीचा हिशेब तिथीवर चालतो, मग घर ख्रिस्ती असो की हिंदू. अवसेला सकाळी सहाच्या सुमारास पाणी चढायला लागतं आणि बाराला भरतं. बाराला पाणी जिथं सोडेल तिथून दोन तास पायी, म्हणजे चारच्या आत पाडा. तिथं सिस्टरांकडे मुक्काम करायचा आणि रविवारी परत यायचं. हिशेबात कुठेच चूक नव्हती. ती दुसरीतल्या मुलांना हिशेबच शिकवायची.

होडीत नांगर नव्हता. तो सॅन्टनकाकांनी मोठ्या बोटीवर नेला होता. आत्याच्या ते लक्षात आलं होतं. “मी म्हटलं, नदीत नांगर कशाला लागतो? झाडाला बांधू,” ती मला सांगायची. आम्हा समुद्राकाठच्या माणसांचा हा जुना माज. नदी म्हणजे आमच्या लेखी गोडं पाणी. ती काय करणार आपल्याला?

सहा वाजून गेल्यावर तिनं होडी लोटली. भाकरी, बोंबलाची चटणी, पाण्याचा तांब्या, एक वल्हं, ढकलायला एक बांबू आणि पोलक्यात पत्र. तानसा ज्या वैतरणेला मिळते तिच्या खाडीच्या तोंडातून पाणी आत शिरत होतं, त्यानंच तिला उचलून नेलं. वल्हं फक्त तोंड सरळ ठेवण्यापुरतं. दोन्ही बाजूंना तिवरं, चिखलावर निवट्या माशांची पळापळ. वैतरणेचा रेल्वेपूल मागे पडेपर्यंत ती लुगड्याचा पदर कपाळावर ओढून बसली होती, कोणी ओळखीचं दिसेल म्हणून. पुलाच्या पुढे कोणी नव्हतं. तिनं पदर खाली टाकला आणि ओंजळ भरून पाणी चाखलं. खारट. अर्ध्या तासानं पुन्हा चाखलं. खारटच.

अकराच्या सुमारास उजव्या काठाला करंजाची दाट सावली दिसली. तिथं मुळाला होडी बांधून ती वर चढली आणि काठाकाठानं चालायला लागली. ह्या चालण्याला काही काम नव्हतं. पुढचं वळण बघायचं, एवढंच. वळणापुढे दुसरं वळण निघालं, मग तेही बघितलं. करवंदं पिकली होती, ती तिनं उभ्याउभ्या खाल्ली, हात-तोंड जांभळं होईपर्यंत. एका खडकाजवळ नेसत्या वस्त्रानिशी पाण्यात बसली आणि तशीच उन्हात वाळत चालली. रान तापलेलं होतं, वाट पाचोळ्यानं भरलेली, पायांखाली नुसता कुरकुर आवाज. त्या तासाबद्दल ती मला निदान वीस वेळा बोलली असेल, आणि दर वेळी काहीतरी नवीन आठवायचं. एकदा खंड्या, एकदा मुंगसाची जोडी. “कोनी हाक मारली नाय गं,” हे मात्र दर वेळी असायचं.

उन्ह डोक्यावर आलं तेव्हा ती होडीपाशी परतली. शाळेत घड्याळ नव्हतं. दहा वर्षं उन्हावरून सुट्टी दिलेली बाई ती, तिला बारा वाजलेले कळले. अर्नाळ्यात आत्ता भरती पूर्ण. पण इथं पाणी अजून चढतच होतं. समुद्राचं पाणी इतक्या आत पोचायला तास-दीड तास जास्त लागतो, आणि मग तितकंच उशिरा ते उतरतं, ही साधी गोष्ट. नदीकाठच्या शेंबड्या पोराला माहीत असते. आमच्या आत्याला समुद्राचं सगळं माहीत होतं, म्हणून हे माहीत नव्हतं. तिला वाटलं, एवढ्या वर नदीचं स्वतःचं पाणी असणार, ते काही ओहोटीचं ऐकणार नाही. आता घाई नको. ती निवांत वल्हवत निघाली.

तानसा जिथं वैतरणेला मिळते तिथं पात्र रुंद होतं. आजोबा तिथं मधल्या पट्ट्यावरून आडवे जायचे, वळसा वाचायचा. तिनंही होडी तशीच आडवी घातली. मधोमध होडीचा तळ चिखलाला लागला. तिनं बांबू रेटला. मग खाली उतरून खांदा लावला. पाणी पोटरीपर्यंत होतं. दम खाऊन पुन्हा खांदा लावला तेव्हा घोट्यापर्यंत. लाकडी होडी ती, दोन पुरुषांचं काम. एक जपमाळ म्हणून होईल एवढ्या वेळात सभोवती पाणी उरलं नाही. एका बाजूला दीडशे हात चिखल आणि काठ, दुसऱ्या बाजूला शंभर हातांवर उरलेली नदी. होडी एका कुशीवर कलली आणि आत्या तिच्या कडेवर बसली. दोन वाजत आले होते.

आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही हसाल. आत्या चिखलात अडकली नव्हती. चिखल मांडीपर्यंत होता, पण कोळणीला चिखलात चालता येतं. आमच्या बायका चिखलातूनच खेकडे काढतात. सव्वादोनपर्यंत काठ, मग वाट ओळखीची, झपाझप चालली असती तर चारला पाड्यावर हजर. अडकली होती ती होडी. पाणी पुन्हा येणार ते रात्री. उधाणाचं पाणी, नांगर नाही, बांधायला झाड नाही, दोर वीस हात. पाणी आलं की होडी उठणार आणि ओहोटीबरोबर एकटी खाली निघणार, पूल ओलांडून, खाडीतून सरळ अर्नाळ्याच्या किनाऱ्याला.

ती होडी ह्याआधी एकदा तशी आली होती. चव्वेचाळीस साली आजोबा पहाटे एकटेच खाडीच्या तोंडाशी गेले होते. सकाळी आजी किनाऱ्यावर मासळी पसरत होती, तेव्हा होडी एकटी आली. आत वल्हं होतं, आजोबांची टोपी होती. आजोबा तिसऱ्या दिवशी सापडले. तेव्हापासून आजी रोज भरती-ओहोटीला ओटीवर खाडीकडे तोंड करून बसायची. बोलायची कमी. लोक म्हणाले होडी जाळून टाका. भावांनी नाही जाळली, चांगलं लाकूड होतं.

तीच होडी पुन्हा रिकामी गेली, तर आजी ती बघून जागच्या जागी मरेल, ह्याबद्दल आत्याला शंका नव्हती. एकीकडे उंबरपाडा, एकीकडे आय. चार वाजेपर्यंत ठरवायचं होतं.

तिनं बांबू चिखलात जितका जाईल तितका रोवला आणि होडी त्याला बांधली. चाळीस हात चालली. मग वाटलं, बघून यावं. परत येऊन एका हातानं बांबू ओढला, तो लापशीतून चमचा यावा तसा वर आला. पुन्हा रोवला. काठावरून एक म्हातारा वारली शेळ्या घेऊन चालला होता, तो थांबला.

“बाय, तिथं काय करतंस? ये की काठाला.”

“होरी अडकली, बाबा.”

“अडकली त अडकू दे. पानी येल तवा सुटंल.”

“सुटंल म्हनून तर बसलीये,” आत्या म्हणाली.

म्हातारा म्हणाला, मी सांजवरी इथं शेळ्या चारतो, होरीकडं ध्यान ठेवतो. पण सांजेनंतर तो घरी जाणार, आणि पाणी त्यानंतर येणार. शिवाय आमच्या घरची होडी अनोळखी माणसाच्या हवाली करायचा बाईमाणसाला अधिकार नाही, तो पुरुषांचा. अधिकार. चिखलाच्या मध्यावर, मैलोगणती घरचा पुरुष नाही, आणि तिला अधिकार आठवला.

“त्याच्याकडे फादरांसाठी चिठ्ठी तरी द्यायचीस,” मी एकदा चिडून म्हटलं.

“पेन्सिल कुठे होती?”

“शाळेतली बाई आणि पेन्सिल नाही?”

“समक्ष या असं लिहिलं होतं, बाय. आन् त्याची वाट उलट्या अंगाला होती.” हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

म्हातारा गेल्यावर ती दुसऱ्यांदा निघाली, आणि ह्या वेळी काठाला पोचली. हे ऐकलं की मला दर वेळी ओरडावंसं वाटायचं. ती काठाला पोचली होती. पायांखाली कडक जमीन, समोर वाट, पोलक्यात कोरडं पत्र. तिनं लुगडं पिळलं आणि वीसेक पावलं टाकली. मग मागे वळून बघितलं. चिखलाच्या पसाऱ्यात होडी काळी, एवढीशी दिसत होती, आत कोणी नाही. आजीनं त्या सकाळी काय बघितलं ते तिला तिथं पहिल्यांदा कळलं. ती म्हणाली, “मना वाटला, मीच मेलेय.”

ती परत चिखलात उतरली.

होडीत बसून तिनं ऊन सरकताना बघितलं. सावली नाही, तांब्यातलं पाणी संपलेलं, चिखल तापून त्याचा वास डोक्यात चढलेला. पायांवरचा चिखल वाळून तडकत होता. तिला घड्याळ लागत नव्हतं, हाच तिचा छळ झाला. पावणेतीन वाजलेले कळले. तीन वाजलेले कळले. तीनलासुद्धा तिच्या मनात आलं, अजून पळत गेलं तर फादर थोडे थांबतील. साडेतीनला तिनं होडीच्या कडेवर मूठ आपटली, इतकी की कातडं सोललं. आईवर, भावांवर, मेलेल्या बापावर, सगळ्यांवर तिला राग आला. मग चार वाजले. चारनंतर एकदम सगळं सोपं झालं, आणि तेच तिला सगळ्यात वाईट वाटलं. आता कुठे जायचं नव्हतं. तिनं भाकरी सोडली, चटणी लावून खाल्ली आणि मग पोटभर रडली.

रात्री कधीतरी पाणी आलं आणि होडी उचलली गेली. तिनं तोंड फिरवून ओहोटीला दिलं.

नवव्या दिवशी माझा जन्म झाला. सुईणीनं मला पहिल्यांदा दिलं ते आत्याच्याच हातात. उंबरपाड्याची जागा माणिकपूरच्या एका बाईंना मिळाली. त्या तीन वर्षं राहिल्या आणि लग्न करून गेल्या. ती जागा पुन्हा रिकामी झाल्याचं आत्याला कळलं होतं, पण तोवर मी तिच्याशिवाय झोपत नव्हते. अठ्ठावन्न साली आजी गेली, तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दुसरीत तिच्याच वर्गात जायच्या बेतात होते. माझ्या आईनं फादरांपाशी पत्राचं पाप कबूल केलं असं म्हणतात. आत्यापाशी कधी केलं नाही. दोघी एका चुलीवर तीस वर्षं रांधत राहिल्या आणि एकमेकींची काळजीही घ्यायच्या, हेही खरं आहे. तानसेच्या काठाला आत्या पुन्हा गेली नाही.

त्या पहाटेचं मात्र तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते. तिचा जीव हलका व्हावा म्हणून मी म्हटलं, “आत्या, तू आलीस ते बरंच केलंस. आजी वाचली.”

तिनं मान हलवली. म्हणाली, उजाडत होतं, चर्चच्या मिस्साची पहिली घंटा व्हायची होती. होडी किनाऱ्याला आली तेव्हा आय तिथं उभी होती. एकटी. रात्रभर उभी असावी, तिचं लुगडं दंवानं ओलं होतं. गुडघाभर पाण्यात येऊन तिनं होडीच्या कडेला हात ठेवला, आत बघितलं, आणि तिचा चेहरा पडला.

“कशाला आयलीस?” आजीनं विचारलं.

आत्याला कळेना. ती म्हणाली, “होरी रिकामी आली असती तर काय केला असतास, आय?”

“रिकामी आली असती तर मी बोलली असती, माजी पोर पोचली.”

मी विचारलं, “तू काय म्हणालीस?”

“काय बोलनार,” आत्या म्हणाली. “पानी उतरत होतं. होरी वर घ्यायची होती. दोघींनी मिळून ओढली.”